मातीतलं व्याख्यान

पुरुषांना बोलतं करण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात सापडणार नाही, असं मी आमच्या डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. छाती तेव्हा ठोकण्याजोगी होती. नंतर तिथे हळदीचा लेप आला.

मी वसंत खटावकर. मूळचा साताऱ्याचा. आष्ट्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात आरोग्य शिक्षक. आता त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साली आरोग्य शिक्षकानं काय करायचं, तर पुरुषांना जमवायचं आणि लग्न, बायको, पाळणा लांबवणं, गुप्तरोग अशा सगळ्या नाजूक विषयांवर शास्त्रीय माहिती द्यायची. मी देत होतो. पुरुष येत होते. खाली मान घालून बसत होते, चहा पीत होते आणि "काही शंका?" असं मी विचारलं रे विचारलं की मधमाश्या उठल्यासारखे पळत होते!

"खटावकर," डॉ. सबनीसबाई एके दिवशी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वर्ष होत आलं. एका तरी पुरुषानं तुम्हाला एक तरी प्रश्न विचारला?"

"विचारला की! चहात साखर का कमी, म्हणून."

"तो धरत नाही मी. पुढच्या रविवारपर्यंत एक, फक्त एक खरा प्रश्न आणा. नाहीतर व्याख्यानं बंद. सोमवारपासून तुम्ही डबा-ब्रश घेऊन गावोगावच्या भिंती रंगवायच्या."

भिंती! मानसशास्त्राची पुस्तकं वाचलेला माणूस मी, आणि भिंती?

"बाई, एक काय, टोपलीभर प्रश्न आणतो!" मी म्हणालो. कारण रविवारी कुठे जायचं ते मी ठरवलं होतं.

मानसिंग पैलवानाचं नाव तेव्हा या भागात लय गाजत होतं. त्याच्या चाहत्यांचं एक मंडळच होतं, आणि दर वर्षी आष्ट्याच्या तालमीपुढच्या आखाड्याभोवती त्यांचा मेळावा भरायचा. सातारा, मिरज, पार कर्नाटकाच्या हद्दीपासून माणसं यायची. सगळ्यांचे फेटे गुलाबी. खिशावर मानसिंगच्या फोटोचा बिल्ला. एका मिरजकरानं तर मानसिंगनं जिंकलेल्या कुस्तीची माती तपकिरीच्या डबीत जपून ठेवली होती आणि येईल त्याला तो ती उघडून दाखवत होता. एवढे तरणेताठे पुरुष एका जागी मला पुन्हा कुठे सापडणार?

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे मानसिंगचे वस्ताद हंबीरराव. फौजेतून हवालदार होऊन परतलेले. मिशा अजून ड्यूटीवर. मी त्यांना म्हणालो, "मला आरोग्यावर चार शब्द बोलायचेत."

"बोला की! तब्येतीवर ना? पोरास्नी दूध-बदामाचं सांगा."

"जरा त्याच्या पुढचं सांगणार आहे."

"तूप?"

मी वाद वाढवला नाही.

तिथे गेल्यावर कळलं, की मेळाव्याला यंदा एक गालबोट लागलं होतं. मानसिंगचं दिवाळीनंतर लग्न झालं होतं! चाहते धास्तावले होते. बायको आली की ताकद गेली, हे त्यांचं ठाम मत. वस्तादांनी तर हळद वाळायच्या आत नवरीला माहेरी पाठवली होती आणि मानसिंगला तालमीत झोपायला लावलं होतं. त्याची आई, दगडाबाई, देवळाच्या कट्ट्यावर बायकांमध्ये बसून वस्तादांकडे असं बघत होती, की मला त्यांच्या मिशांची काळजी वाटली.

सत्कार झाले, हार झाले. लाऊडस्पीकरचा कर्णा मात्र ऐन वेळी मेला. वस्ताद म्हणाले, "सायेब, मधी हुबं ऱ्हावा आन् दणकून बोला. पायातलं काढा फक्त. मातीत चप्पल चालत न्हाई."

मी चपला काढल्या आणि आखाड्यात उतरलो. इथून पुढे मी जे जे केलं, ते सगळं केवळ आरोग्य शिक्षणासाठी केलं, हे वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवावं.

उतरताना माझा चष्मा मातीत पडला. मी वाकून तो उचलला आणि कपाळावरचा घाम त्याच हातानं पुसला. कपाळाला लाल माती लागली. गर्दीतून "वा!" असा आवाज आला. मला बरं वाटलं. साताऱ्यात मी वाढलो खरा, पण मातीशी माझा संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. मैदानात उतरणारा पैलवान पहिल्यांदा माती कपाळाला लावतो, हे मला कुठलं ठाऊक!

मग मी व्याख्यानाला हात घातला. पण हलगीवाल्या अर्जुनाची हलगी चालूच होती, माझं एक अक्षर कुणाला ऐकू जाईना. पुस्तकात लिहिलं होतं, की श्रोते लाजत असतील तर आपण स्वतः कृती करून दाखवावी. म्हणून मी उजवा हात उंच केला आणि आखाड्याच्या कडेकडेनं चालत, एकेका माणसाच्या डोळ्यांत बघत ओरडलो, "लाजायचं नाही! असा हात वर करायचा! कोण आहे पुढे येणारा? आहे का कुणाची हिंमत?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. अर्जुनाची हलगीही थांबली. केवढा परिणाम, मी मनात म्हणालो. पुस्तक लिहिणाऱ्याला नमस्कार! तेवढ्यात मांडीला लाल मुंगी कडकडून चावली आणि मी मांडीवर फाडकन् हात मारला.

झालं! अर्जुनाची हलगी पेटली. फेटे हवेत उडाले. "शड्डू ठोकला! सायबानं शड्डू ठोकला!" अशी एकच आरोळी उठली. वस्ताद धावत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सायेब, मला वाटलं तुमी बोलणारं गडी. तुमी तर करणारं निघाला!"

"अहो, काय झालं काय?"

"काय झालं? माती लावली, हात वर करून मैदान फिरला, शड्डू मारला! सगळ्या मैदानाला आव्हान दिलंया तुमी!"

"मी प्रश्न विचारा म्हणत होतो!"

"आता जोड लागून कुस्ती झाल्याबिगर मैदान सोडता येत न्हाई, सायेब. रीत हाय. मंडळाची अब्रू हाय."

रेड्यांएवढे दोन-चार चाहते माझ्या दिशेनं निघालेही होते. तेवढ्यात खुद्द मानसिंग उठला. त्यानं सगळ्यांना बाजूला सारलं आणि माझा हात हातात घेऊन दाबला. हात मिळाला म्हणजे कुस्ती ठरली, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त बोटं मोडली असं कळलं.

कुणीतरी माझा सदरा काढला. बनियन पाहून मिरजकर हळहळला. पुढच्याच क्षणी मी मातीत पालथा होतो आणि मानसिंग माझ्यावर होता. आता हा मला उचलून सांगलीच्या दिशेला फेकणार, अशा भीतीनं मी डोळे मिटून बायको-पोरांची आठवण काढली. पण फेकलं कुणीच नाही. कानाशी अगदी हळू आवाज आला.

"सायेब."

"अं?"

"एक इचारू का?"

मी एक डोळा उघडला.

"बायकूसंगं ऱ्हायलं की ताकद जाती म्हणत्यात. खरं हाय का वं?"

वाचकहो, वर्षभर ज्या प्रश्नासाठी मी चहाच्या किटल्या रिचवल्या, तो प्रश्न आला! तोंडात माती होती तरी माझा ऊर भरून आला.

"साफ खोटं!" मी थुंकत म्हणालो. "शास्त्रात असं काही नाही."

"वस्ताद म्हणत्यात..."

"वस्ताद डॉक्टर आहेत का?"

लोकांना दाखवण्यासाठी त्यानं मला या कुशीवरून त्या कुशीवर उलटवलं. "आन् झोपंत कवा कवा... व्हतंय म्हंजी... त्यो रोग हाय का?"

"नाही रे बाबा! सगळ्या तरण्या पोरांना होतं. त्यानं काही बिघडत नाही."

"आयला!" मानसिंगनं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की माझ्या पाठीवरची माती उडाली. "तीन वरसं जीवाला घोर व्हता सायेब."

मग त्याला धीर आला. मान माझी त्याच्या काखेत, आणि एकामागून एक प्रश्न! लगेच मूल नको असेल तर काय करायचं? ते केंद्रात मिळतं का? बाईमाणसाच्या हातनं घ्यायचं का? बायकोला हे सगळं कसं सांगायचं? मी जमेल तशी उत्तरं देत होतो. मधूनच "आई गं!" असंही म्हणत होतो, तो उत्तराचा भाग नव्हता.

"सायेब, ह्ये कुणाला सांगू नगा. आईची आण हाय."

"माझ्या आईची आण. पण जरा मान सोड!"

बाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. कोल्हापूरच्या मल्लांना चुटकीसरशी पाडणारा मानसिंग एका बनियनवाल्या सरकारी माणसाला पाडू शकत नाही, हे पाहून चाहत्यांचे चेहरे उतरले होते. मिरजकरानं मातीची डबी बंद करून आतल्या खिशात टाकली. शेवटी वस्तादांनीच कुस्ती सोडवली. बरोबरीत!

वस्ताद संतापून ओरडले, "बघितलं? बघितलं का सगळ्यांनी? लगीन केल्याचं फळ हाय ह्ये! संपला पयलवान!"

मानसिंग खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं, झालं, आता याची नवरी जन्मभर माहेरी. मी काही बोलणार, तोच कट्ट्यावरून दगडाबाई उठली. डोईवरचा पदर सावरत ती थेट आखाड्याच्या कडेला आली.

"वो सायेब, तुमचं लगीन झालंया?"

"हो."

"बायकू कुठं असती?"

"घरातच की."

"पोरं किती?"

खात्याचा माणूस असल्यामुळे मी जरा चाचरलो. "चार."

दगडाबाई वस्तादांकडे वळली. "आयकलं? बायकूसंगं ऱ्हाऊन, चार लेकरं काढून ह्या काडीवानी सायबाची ताकद ऱ्हायली. आन् बायकूला म्हायेरी धाडून माज्या ल्योकाची गेली! मग वस्ताद, ताकद कशानं जाती म्हणायची?"

मग अर्जुनानं हलगीवर एकच टिपरी मारली आणि सगळं मैदान हसत सुटलं! वस्ताद मिशा चाचपू लागले. एवढ्या वर्षांची त्यांची शिकवण एका म्हातारीनं त्यांच्याच मैदानात उताणी पाडली होती. दगडाबाई मानसिंगला म्हणाली, "बैलगाडी जुप. दिस मावळायच्या आत सून घरात पायजे मला." पैलवान अंगाची माती न झटकताच पळाला.

मला चाहत्यांनी खांद्यावर घेतलं, गुलाबी फेटा बांधला. "सायेब, खुराक काय तुमचा?" प्रत्येक जण विचारत होता.

"आमटी-भात."

"आन् बदाम?"

"परवडत नाहीत."

"आमटी-भात!" माणसं एकमेकांना भक्तिभावानं सांगू लागली. व्याख्यान राहिलं ते राहिलंच.

सोमवारी मी वाकड्या मानेनं सबनीसबाईंपुढे उभा होतो.

"किती प्रश्न आले?"

"पुष्कळ, बाई! एकाहून एक!"

"कुणी विचारले?"

ते कसं सांगणार? आईची आण घेतली होती.

"कुणी ऐकले?"

"तसं... मातीत तोंड होतं, बाई."

बाईंनी कोपऱ्यातला गेरूचा डबा आणि ब्रश माझ्यापुढे सरकवला.

चावडीमागच्या भिंतीवर मला 'दोन किंवा तीन मुले पुरेत' असं लिहायचं होतं. पहिल्याच संध्याकाळी 'दोन' लिहून झालं आणि मागे कुणीतरी खाकरलं. मी वळणार, तोच तो म्हणाला, "वळू नगा सायेब. तुमी लिवा. मी असाच हुबा हाय." आणि भिंतीकडे तोंड केलेल्या माझ्या पाठीला त्यानं एक खरा प्रश्न विचारला. तो गेला, दुसरा आला. माझं तोंड भिंतीकडे, त्याचं शेताकडे. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर आष्ट्यातले पुरुष काय काय विचारतात म्हणून सांगू!

काल मात्र जो खाकरला, त्याचं खाकरणं हवालदारी होतं.

"एका वळखीच्या माणसासाटी इचारतो," वस्ताद म्हणाले.

"विचारा की."

"साठीला आलाय त्यो. पयलवानकी, मग फौज, मग तालीम. बायकूला लांब ठेवण्यातच समदा जलम गेला त्येचा. आता म्हणतो, तिच्याशी चार शब्द बोलावं. पर काय बोलावं, कायच सुचत न्हाई. ह्येला काय औषध हाय का?"

माझा ब्रश थांबला. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मला एकदम त्या माणसाची फार माया आली.

"जेवताना सुरुवात करायला सांगा," मी म्हणालो. "भाजी छान झाली म्हणावं."

"झाली नसंल तर?"

"तरी म्हणावं."

आज ते पुन्हा आले. "म्हणला त्यो."

"मग? काय म्हणाली बायको?"

"कपाळाला हात लावून बघितला. म्हणली, तुमास्नी बरं न्हाई का?" वस्ताद खाकरले. "पर हात लय येळ ठेवला व्हता, सायेब."

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. वस्ताद भिंतीची डागडुजी तपासू लागले. सबनीसबाई उतरल्या, आणि भिंतीकडे पाहून त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"खटावकर, महिना झाला! 'दोन किंवा' काय? गाव वाट बघतंय!"

"रंग धरत नाही, बाई," मी म्हणालो.

जीप वळली, धूळ खाली बसली. मी ओलं फडकं घेतलं आणि निमूटपणे 'किंवा' पुसायला लागलो. वस्तादांचं अजून बोलायचं राहिलं होतं.