वग्दी उस्तादांची चौकशी

"हा हात आहे तोवर अख्ख्या तांता शहरात दुसऱ्या कुणी कुनाफा करायचं धाडस करू नये!" असं वग्दी उस्तादांनी भर दुकानात जाहीर केलं, तेव्हा तो आपल्या नोकरीचा शेवटचा दिवस आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तापल्या तव्यावर त्या मिठाईच्या पिठाच्या केसासारख्या धारा गोल गोल पडत होत्या आणि गिऱ्हाइकं नमाजाला उभी राहावीत तशी गप्प उभी होती. मुलगी नाहिद शाळेत शिकवून परतताना डोकावून गेली. "बाबा, लवकर या. आज मुलूखियाची भाजी आहे." बस, एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना पक्षाघाताचा झटका आला. जिवावरचं हातावर निभावलं, पण तो हात उजवा होता! मालक भेटायला आला, संत्री ठेवली, रडला, आणि जाता जाता दुसरा कारागीर ठरवून गेला.

"काळजी करू नका, बाबा," नाहिद म्हणाली. "अपंगांना सरकार भत्ता देतं. मी करते अर्ज. एवढी जाडजाड पुस्तकं वाचली, एक अर्ज काय जड जाणार!"

"कर. पण इमारतीत कुणाला कळता कामा नये."

"का?"

"का म्हणजे? नजर लागली म्हणून तर हात गेला! आणि ती लावली याच जिन्यातल्या कुणीतरी!"

तेव्हापासून उस्ताद उजवा हात खिशात कोंबून वावरू लागले. 'काम मीच सोडलं' असं त्यांनी सगळीकडे सांगून टाकलं. खाली उतरणं नको म्हणून सज्ज्यातून दोरीनं टोपली सोडून भाजी घ्यायची, आणि वर ओढताना पुटपुटायचं, "आज भाजीवाला जरा जास्तच गोड बोलला. त्याला संशय आलाय." नाहिद सगळ्याला हो म्हणायची. तिच्या पगारात औषधं बसत होती. भाडं बसत नव्हतं. भत्ता मिळाला नाही तर घर सोडावं लागणार होतं.

आता, अर्जाची शहानिशा करायला येणारा माणूस आधी शेजाऱ्यांना विचारतो, हे नाहिदनं वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं!

तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट. तळमजल्यावरच्या शुक्री वाण्याला त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "काका, हे वग्दी उस्तादांचं घर कसं आहे हो?"

तुम्हीच सांगा! लग्नाच्या मुलीच्या घराबद्दल असा पोरगा असं विचारू लागला, तर कुठला सज्जन शेजारी दुसरं काही समजेल?

"घर? सोनं!" शुक्रीकाका म्हणाले. "उस्ताद काम सोडून आले, तर मालकानं पाय धरले, पाय!"

"प्रकृती?"

"सिंह आहे सिंह! गॅसची टाकी खांद्यावर टाकून चार मजले चढतो!"

पहिल्या मजल्यावर उम्म हाझिम, म्हणजे हाझिमची आई, दार किलकिलं करून वाटच बघत होती. सोयरिकी जुळवण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"घराण्यात काही आजार?" त्यानं विचारलं.

"आजार? अरे बाळा, त्या घरात साधं पडसं येत नाही! आणि मुलगी जेमतेम पंचवीस!"

नाहिदला अडतिसावं लागलं होतं.

वर येईपर्यंत त्या माणसाच्या भुवया कपाळ सोडून केसांत गेल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर टेकत त्यानं विचारलं, "हात कसा आहे, उस्ताद?"

"अल्हमदुलिल्लाह, उत्तम!"

त्यानं ते लिहून घेतलं.

"अहो, ते देवाचे आभार मानताहेत!" नाहिद घाबरून म्हणाली. "तापानं फणफणले तरी हेच म्हणतात. तुम्ही नाही म्हणत?"

"मी भत्ता मागत नाही. हात खिशातून काढा."

उस्तादांनी डाव्या हातानं उजवा उचलला आणि दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा जपून मांडीवर ठेवला.

"नाटक छान जमलंय. पण खाली म्हणतात, तुम्ही टाक्या उचलता."

"बघ!" उस्ताद नाहिदवर उसळले. "म्हटलं नव्हतं? जळतात मेले!"

तेवढ्यात जिन्यात लग्नघरातल्यासारखी बायकांची किलकारी घुमली. ती वरच्या मजल्यानं उचलली, त्याच्या वरच्यानंही! उम्म हाझिम लाल सरबताचं तबक घेऊन आत शिरली, मागे शुक्रीकाका.

"मुबारक, मुबारक! लाजू नकोस, बाळा. मुलगी पसंत आहे ना?"

"कसली मुलगी? बाई, माझं लग्न झालंय! दोन पोरं आहेत!"

उम्म हाझिमनं सरबताचं तबक झटकन मागे घेतलं.

"अरे चोरा! म्हणजे दुसरी करायला निघालास? आमच्या नाहिदला सवतीवर नेतोस?"

शुक्रीकाका उंबऱ्यावर पहाडासारखे उभे राहिले. त्यांच्या काखेखालून तो माणूस बॅग छातीशी धरून सटकला आणि जिन्यावरून ओरडला, "सगळी इमारत सामील आहे! फसवणूक! अर्ज नामंजूर!"

"जाऊ दे त्याला," उस्ताद हळूच म्हणाले. "कुणाला काही सांगू नकोस."

नाहिद जिन्याच्या कठड्याशी गेली. वरून खालून सगळी डोकी बाहेर आलेली होती. तिचा चढलेला आवाज त्या इमारतीनं कधी ऐकला नव्हता.

"थांबा, साहेब! उम्म हाझिम, ते सरबत खाली ठेवा. मला बघायला कुणी आलेलं नाही. हे अपंगांच्या भत्त्याचे साहेब आहेत. बाबांनी काम सोडलं नाही, त्यांना काढलं. त्यांचा उजवा हात गेलाय."

खाली बुटांचा आवाज थांबला. ती मागे वळली. उस्ताद दारात उभे होते, हात पुन्हा खिशात.

"आणि तो परत येणार नाही, बाबा. रोज तेल लावताना मी म्हणते ना, आज जरा गरम लागतोय म्हणून? नाही लागत, बाबा. गारच असतो."