चमचाचाट्याचं अपहरण

"माझ्यासारखा मेंदू निसर्ग शंभर वर्षांतून एकदाच घडवतो, आणि घडवून झाला की दमून बसतो," नॉर्मन आयनार्सन म्हणाले. "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. सुटलीच, तर ती मी मुद्दाम सोडलेली असते."

हे ते आरशाला नव्हे, मला सांगत होते. तसा फारसा फरक पडत नाही.

नॉर्मन आमच्या गावच्या सहकारी केबल संस्थेचे सर्व्हर प्रशासक. तलावाकाठचं आमचं गाव, आइसलँडहून कॅनडातल्या मॅनिटोबात आलेल्या कोळ्यांनी वसवलेलं. थंडीत तलाव गोठला, रस्ते बुजले की अख्खं गाव रिमोट हातात धरून बसतं. मागाल तो सिनेमा मागाल तेव्हा दाखवणारा सर्व्हर म्हणजे आमच्या मागच्या खोलीतलं एक घोंघावणारं कपाट. उपग्रहावरून सिनेमे येतात, बरोबर त्यांची पोस्टरं आणि माहिती येते. ते सगळं तपासायचं, कपाटात चढवायचं आणि टीव्हीच्या मेनूत नीट दिसतंय ना बघायचं. हे काम माझं. प्रशासन नॉर्मनकडे. म्हणजे ते खुर्चीत रेलून कपाटाकडे संशयाने बघतात.

गुप्तहेरी हा त्यांचा जोडधंदा, कोणी न विचारता सुरू केलेला. मागच्या हिवाळ्यात चर्चच्या दारातून फावडं चोरीला गेलं, तेव्हा तपास यांनीच हाती घेतला होता. बर्फ वितळल्यावर फावडं होतं तिथेच उभं सापडलं. "माझ्या धाकाने चोर परत ठेवून गेला," असं त्यांनी जाहीर केलं.

या डिसेंबरातली केस मात्र माझ्या घरातली होती.

नाताळच्या आधी आमच्याकडे डोंगरावरून लोककथेतले तेरा खट्याळ भाऊ उतरतात, रोज एक. प्रत्येक जण घरातलं काही ना काही लांबवतो. कोणी सॉसेज पळवतो, कोणी मेणबत्ती, कोणी नुसताच दारं आपटतो. शाळेच्या कार्यक्रमात माझी चार वर्षांची रूना त्यातला चमचाचाट्या झाली होती. हातातला लाकडी चमचा अम्माचा. अम्मा म्हणजे आमच्यात आजी. ही माझ्या नवऱ्याची, सिग्रून. लहानपणी तिनेही हाच चमचा घेऊन, याच शाळेत चमचाचाट्या केला होता.

यंदा अम्मा गावच्याच वृद्धाश्रमात, आणि तिथे फ्लूमुळे बाहेरच्यांना दारं बंद. शुक्रवारी तिला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात नेणार होते. आमची केबल शहरापर्यंत जात नाही. शाळेत पालकांना चित्रण करू देत नाहीत. ते आमची संस्था करते. थोडक्यात, शहरात जायच्या आधी अम्माला पणती बघायची तर वाट एकच होती, ते कपाट.

मी जरा काळजी करणारी आहे. रूना शिंकली की मी न्युमोनियावर वाचत बसते. नाही शिंकली, तर का शिंकली नाही यावर. 'शस्त्रक्रिया' या शब्दानंतर मी काय काय वाचलं ते विचारू नका.

सोमवारी मी कार्यक्रम चढवला. मेनूत पोस्टर झळकलं, पोस्टरवर रूनाचं नाक वाहत होतं. संध्याकाळी अम्माचा फोन आला.

"लोवा, कुठाय तुझा चमचाचाट्या? ताटावरून उठून आलेय मी, आणि ताटात चक्क खाण्यासारखं काहीतरी होतं."

मी मेनू उघडला. कार्यक्रम गायब.

मंगळवारी पुन्हा चढवला. पोस्टर झळकलं. मी कॉफी घेऊन येईपर्यंत पुन्हा गायब.

"चोरी!" नॉर्मन उठून उभे राहिले. इतक्या आनंदाने उठताना मी त्यांना पगाराच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "मागच्या आठवड्यात कर्लिंगचा अंतिम सामना असाच गेला, आठवतं? त्याआधी मासे साफ करायचा कार्यक्रम. मी तेव्हाच सावध झालो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"सावध माणूस बोलत नाही."

बुधवारी कार्यक्रम पुन्हा चढवल्याबरोबर त्यांनी त्याला कुलूप घातलं. म्हणजे मेनूत दिसेल, पण कुणालाच लावता येणार नाही. "ही गुन्ह्याची जागा आहे. कोणी हात लावायचा नाही."

"अहो, अम्माला बघायचंय! परवा नेतायत तिला!"

"चोर सापडला की बघेल की. तोवर मी आणखी संदर्भसाहित्य चढवतो."

संदर्भसाहित्य म्हणजे एक जुनी कृष्णधवल मालिका. टोपी आणि लांब कोट घातलेला एक गुप्तहेर प्रत्येक भागात धुक्यातून चालत येतो आणि उरलेला वेळ धुक्यातच असतो. नॉर्मन प्रत्येक भाग चढवतात, दोनदा बघतात आणि टिपणं काढतात. एक टिपण मी पाहिलंय. 'टोपी घ्यावी,' एवढंच होतं.

पहिला संशयित विल्फ, कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या, संघाचा कप्तान. अंतिम सामन्यात त्याचा शेवटचा दगड घसरत घसरत थेट प्रेक्षकांच्या कॉफीपाशी जाऊन थांबला होता.

"तुझा पराभव पुसण्यासाठी तू सामना उडवलास," नॉर्मन त्याला म्हणाले, "आणि संशय दुसरीकडे वळावा म्हणून लहान मुलांचा कार्यक्रम!"

"नॉर्मन, मला घरातला टीव्ही बंद करता येत नाही. बायको करते."

"वा! म्हणजे साथीदारही आहे."

विल्फने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

दुसरा संशय शाळेतल्या इंगाबाईंवर. त्यांनी कार्यक्रमात पियानोवर तीन सूर चुकवले होते. त्या म्हणाल्या, "चुकवले ते मी मुद्दाम चुकवलेत का हो? आणि पुसायचेच असते तर आधी गावाचे कान पुसावे लागले असते."

तोपर्यंत कुलूपबंद कार्यक्रमही नाहीसा झाला होता. कुलूप होतं, आत काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी नॉर्मन आले ते पांढरेफटक पडून. "लोवा, डिसेंबर चालू आहे. रोज एक वस्तू जाते. खुणा कसल्याच नाहीत. अर्थ कळतोय ना?"

"नाही."

"ते तेरा भाऊ. खरेखुरे."

मी कॉलेजात चार वर्षं काढली, तिथे असल्या प्रसंगी काय बोलायचं ते शिकवलं नव्हतं. नॉर्मननी कपाटासमोर स्कीरची, म्हणजे आमच्या घट्ट दह्याची, वाटी मांडली. चोर मोहात पडेल असा बेत. थोड्या वेळाने वाटी रिकामी, लख्ख चाटलेली दिसली आणि ते ओरडले, "आला होता! आणि चमचा चाटणाराच होता!"

"हो," मी म्हटलं. पाळणाघर फ्लूमुळे बंद असल्याने रूना माझ्या टेबलाखाली होती. मिशा दह्याच्या, हातात चमचा. मी आधी तिचं कपाळ तपासलं, मग दह्याच्या डब्यावरची तारीख शोधत बसले.

तेवढ्यात अम्माचा फोन.

"तुमच्याकडचा तो शहाणा चोर शोधतोय म्हणे. त्याला सांग, मी चार दिवस मेनूच बघतेय. इथे दुसरं बघायला आहे काय? शेजारची गुडरून आणि तिचं विणकाम. तो टोपीवाला बाप्या मेनूत आला की आपलं काहीतरी जातं. परवा दोन टोपीवाले आले तर स्वयंपाकवाला आणि चमचाचाट्या दोघं गेले. बसमध्ये चढणारा चढला की उतरणारा उतरतो गं, त्यात चोर कसला आलाय?"

फोन तसाच कानाशी धरून मी कपाटाची सेटिंग्ज उघडली. सगळ्यात खाली एक चौकोन होता आणि त्यात बरोबरची खूण. मी मोठ्याने वाचलं, 'जागा भरल्यास सर्वांत कमी पाहिलेला कार्यक्रम आपोआप काढावा.' कपाट काठोकाठ भरलेलं, त्यातलं निम्मं धुकं. आणि सर्वांत कमी पाहिलेला कार्यक्रम अर्थातच तो, ज्याला कुणी बघू नये म्हणून कुलूप घातलं होतं.

"नॉर्मन, ही खूण कोणी केली?"

"मी. जागेची टंचाई होऊ नये म्हणून. दूरदृष्टी म्हणतात याला." मग त्यांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे गुन्हेगार आतलाच आहे."

"हो."

"आणि त्याला सर्व्हरची खडानखडा माहिती आहे."

"तेवढंच जुळत नाही," मी म्हटलं.

खूण काढून टाका म्हटलं, तर ते ताठ झाले. नियम बदलायचा तर सभासदांची सभा हवी, आणि सभा तलावाचा बर्फ फुटल्यावर. सहकार म्हणजे सहकार. मग मी वाद न घालता टोपीवाल्याचे दहा भाग काढले, चमचाचाट्या चढवला आणि कुलूप तोडलं. नॉर्मन मान फिरवून उभे होते, अंत्यविधीला उभे राहतात तसे.

अम्माने फोन चालू ठेवूनच कार्यक्रम लावला. पलीकडून इंगाबाईंचे चुकलेले सूर आले, मग टाळ्या. मग बराच वेळ काहीच नाही. त्या काहीच-नाहीत मी सतरा आजार आठवले.

"अम्मा? अम्मा, ऐकतेयस ना?"

"चमचा उलटा धरलाय पोरीने."

"हो गं. सांगितलं होतं तिला."

"मीही उलटाच धरला होता," अम्मा म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "उद्यापासून मी नाही. मग हे कोण बघणार? कुणी बघितलं नाही की तुझं कपाट फेकून देईल."

"मी रोज लावीन. तू परत येईपर्यंत."

"बघशील, की समोर बसून काळजी करशील?"

"दोन्ही करीन."

"बरं. मग चालेल."

शुक्रवारी तिला नेलं. शस्त्रक्रिया झाली, पण घरी कधी सोडणार ते डॉक्टर सांगेनात, बघू म्हणतात. मी सकाळी लापशीबरोबर चमचाचाट्या लावते, संध्याकाळी भांडी घासताना लावते. रूना कंटाळली. मी नाही.

काल नॉर्मन दबकत आले. डोक्यावर नवी टोपी होती.

"नवी केस. त्या कार्यक्रमाचे आकडे बघ. कोणीतरी तो रोज लावतंय, पुन्हा पुन्हा. असं कोण करतं? मी रात्रभर विचार केला. हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय, लोवा. ती व्यक्ती येईपर्यंत हा थांबायचा नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अंदाज बरोबर आला होता. मी मान हलवली.

"संशय कोणावर आहे?" मी विचारलं.

नॉर्मननी टोपी कपाळावर ओढली.

"विल्फ."