कांबळेबाईंची पारख

खडकीतल्या आमच्या सोसायटीत कुणाकडे पाहुणा आला की कांबळेबाई आधी त्याच्या चपला बघतात, चेहरा नंतर. चपला जोडीने काढलेल्या असतील तर माणूस सरळ. एक उलटी पडली असेल तर, "कामं अर्ध्यावर सोडणारा."

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. "माणूस नुसते ओठ हलवतो हो, बोलते ती सवय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबणारा बायकोवर खेकसणारा असतो. चेअरमनसाहेबांच्या घरचा नळ ठिबकतो म्हणून बाईंनी त्यांना मत दिलं नाही. ते निवडून आल्यावर मात्र भेटून म्हणाल्या, "अभिनंदन. आता तरी नळ बदला."

मीही सुटलो नाही. "पेपर वाचून घडी न घालणारा पुरुष बायकोच्या जिवावर जगतो." हे वाक्य आमच्या घरात अजून वापरात आहे.

गेल्या महिन्यात आमच्या मुलीने, ऋताने, तिच्या ऑफिसातल्या समीरला घरी आणलं. लग्नाचाच विषय होता. बायकोने बाईंना मुद्दाम बोलावलं. मला ते बिलकूल पटलं नव्हतं.

समीरने दारातच बूट भिरकावले. चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायला. बसल्या जागी पाय तर असा हलवत होता की टीपॉयवरचे चमचे वाजायला लागले. ऋताचा चेहरा उतरला. बाई पोहे संपवून निघून गेल्या.

समीर गेल्यावर मी बाईंचं दार वाजवलं.

"नापास ना?"

"सगळ्या विषयांत," बाई म्हणाल्या. "पण होकार द्या."

"अहो, पण..."

"तुम्ही सगळे पोह्यांवर तुटून पडला होतात. तुमची बायको आत-बाहेर करत होती. त्याने विचारलं, काकू, तुम्ही नाही घेतलेत? आणि त्या बसेपर्यंत चमचा खाली ठेवला."

"एवढ्यावरून?"

बाई दाराच्या चौकटीला टेकल्या.

"आमच्या ह्यांना मीच पसंत केलं होतं. चपला जोडीने, चहा पिताना आवाज नाही, पेपरची घडी इस्त्री केल्यासारखी. पैकीच्या पैकी मार्क! जाईपर्यंत त्यांनी एकदाही विचारलं नाही, तू जेवलीस का म्हणून."

भलत्याच वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, तुमचं जेवण झालं?"

"संध्याकाळी साडेपाचला कोण जेवतं?" त्या फटकन म्हणाल्या.

मी ओशाळून वळलो. मागून दार लागल्याचा आवाज आला नाही, म्हणून पाहिलं. बाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"आठ वाजता जेवते मी," त्या म्हणाल्या. "तेव्हा विचारा."