बोअरिंगमधली छत्री

वसईजवळच्या पापडी गावात चर्चच्या मागच्या रस्त्याने केळीच्या वाड्या संपत आल्या की निळ्या दाराचे एक बैठे घर लागते. त्या घराच्या पाटीवर ‘श्री. बावतीस, डब्ल्यू.ओ.सी.’ अशी अक्षरे आहेत. ती वाचून पोस्टमनपासून नवीन फादरांपर्यंत सर्वांचा असा समज होतो की ही कुठलीतरी परदेशी पदवी असावी. आमच्या गावच्या मंडळाने तर एका निमंत्रणपत्रिकेत बावतीसच्या नावामागे ‘उच्चविद्याविभूषित’ हे विशेषण लावले होते. बेकरीसमोरच्या बाकड्यावर बसणारा अंतोन कोणत्याही विषयावर माहितीची वाट न पाहता बोलू शकतो. तो सांगतो की ही पदवी कुवेतला मिळते आणि तिची तोंडी परीक्षा समुद्रात पोहता पोहता द्यावी लागते.

हे सर्व साफ चूक आहे. मी आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवला. साधनांची छाननी केल्याशिवाय विधान करण्याची मला सवय नाही. बावतीस माझा शेजारी आहे, आणि त्याच्याविषयी या गावात जे जे सांगितले जाते त्याची दुरुस्ती करणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

डब्ल्यू.ओ.सी. म्हणजे ‘वेट ऑन सिमेंट’. बावतीस मुंबईच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर सिमेंटचे काम पाहत असे. समुद्राच्या तळाला खोल भोक पाडून त्यात लोखंडी पाइप सोडतात, आणि पाइप व खडक यांच्यामधल्या फटीत पातळ सिमेंट भरतात, म्हणजे एका थरातले पाणी किंवा वायू दुसऱ्या थरात शिरत नाही. हे सिमेंट घट्ट होईपर्यंत विहिरीला कोणी हात लावायचा नसतो. साहेब असो की खलाशी, सर्वांनी नुसते थांबायचे. त्या थांबण्याचे नाव डब्ल्यू.ओ.सी. बावतीसच्या मते तेलधंद्यातले सर्वांत अवघड काम तेच. “मास्तर, भोक कोणीपण पाडेल,” तो मला सांगतो. “थांबायला माणूस लागतो.”

पाटीचा इतिहासही मला प्रत्यक्ष ठाऊक आहे, कारण पेंटर आला तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. बावतीस अर्थातच समुद्रात होता. पेंटरने त्याच्या बायकोला, फिलूला, विचारले, “नावापुढे काय टाकू, भाभी?” आता, फिलूने फोनवर केव्हाही “घरी कधी येणार?” म्हणून विचारले की पलीकडून एकच उत्तर येई, “डब्ल्यू.ओ.सी. चालू आहे.” तिने पेंटरला सांगितले, “डब्ल्यू.ओ.सी. टाक. तो बारा महिने तेच असतो.” अंतोन म्हणतो, ती संतापून बोलली. अंतोन तिथे नव्हता. ती हसून बोलली, आणि पेंटर गेल्यावर ओली अक्षरे पदराने वारा घालून वाळवीत उभी राहिली.

निवृत्त झाल्यावर बावतीसने ही अक्षरे सर्व व्यवहारांना लागू केली. चहा समोर आला की तो त्याच्याकडे बघत बसतो; घाई केलीत तर “डब्ल्यू.ओ.सी.!” म्हणून बोट वर करतो. एकदा एक उमेदवार हात जोडून दारात आला आणि नळाचे पाणी नक्की देतो म्हणाला. बावतीसने शांतपणे “डब्ल्यू.ओ.सी.” असे उत्तर दिले. उमेदवाराने घाबरून कार्यकर्त्याला विचारले, “ही कुठली पार्टी? आपल्याला कोणी बोललं कसं नाही?”

त्याचे दुसरे वेड म्हणजे मध्य. पाइप भोकाच्या बरोबर मधोमध नसेल तर सिमेंट एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ बसते, आणि पातळ बाजूने विहीर दगा देते. त्यामुळे बावतीसला जगात तिरकी गोष्ट खपत नाही. चर्चमध्ये तो बाकाच्या नेमक्या मध्यावर बसतो आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्यांची सारखीच अडचण करतो. बेकरीत त्याने एकदा वडापाव परत केला. “वडा सेंटरला नाही. चटणी सगळी एका अंगाला गेली.” बेकरीवाला म्हणाला, “अंकल, पोटात गेल्यावर कोण सेंटर बघतो?” बावतीसने वडा स्वतः मधोमध सरकवला आणि मगच खाल्ला.

कोंबड्यांच्या खुराड्याची कथाही सरळ सांगितली पाहिजे. तेलविहिरीत ‘नॉन-रिटर्न’ नावाची एक झडप असते. तिच्यातून सिमेंट खाली जाते, वर परत येत नाही. तशी झडप बावतीसने खुराड्याच्या दाराला बसवली. कोंबड्या आत गेल्या, बाहेर येईनात. येथपर्यंत शोध यशस्वी होता. पण अंतोनच्या कोंबड्याही दाणे पाहून आत गेल्या आणि तिथेच अंडी घालू लागल्या. अंतोनच्या घरी आठवडाभर आमलेट झाले नाही. बावतीसविषयीची अंतोनची प्रत्येक साक्ष वाचकांनी या पार्श्वभूमीवर तपासावी.

आता मुख्य विषय. फिलू या घरात नवरी म्हणून आली तेव्हा वाडीतल्या विहिरीचे पाणी गोड होते. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, गाणी म्हणत घागरी भरतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. आपली मुलगी सँड्रा हिलाही याच विहिरीच्या पाण्याने न्हाऊ घालायचे, असे फिलू नेहमी म्हणे. पुढे आजूबाजूच्या वाड्यांमधून टँकर भरभरून नव्या बिल्डिंगांना जाऊ लागले, खाडीचे पाणी जमिनीखालून सरकत आले आणि विहीर खारट झाली. त्यानंतर फिलूही गेली. सँड्राचे लग्न ठरले तेव्हा बावतीसने देशाचा तेलउद्योग ज्या शास्त्रावर उभा आहे ते सर्व शास्त्र आपल्या वाडीत उतरवायचे ठरवले. वरच्या थरात खारे पाणी, खाली खडकाच्या भेगेत गोडे. विहिरीला लागून बोअर मारायची, पाइप सोडायचा, खारा थर सिमेंटने बंद करायचा आणि मुलीला आईच्या शब्दाप्रमाणे घरच्या गोड्या पाण्याने न्हाऊ घालायचे. यापलीकडे त्याला लग्नाचे दुसरे काहीही सुचत नव्हते. बाकीची तयारी सँड्राने स्वतः केली.

मध्यंतरी त्याच्या मनात खाली जोराने पाणी दाबून खडकाला भेगा पाडण्याचाही विचार आला होता. तेलवाले तसे करतात. माझे घर त्याच खडकावर उभे आहे, एवढेच मी त्याला ऐकवले. त्याने पुष्कळ वेळ माझ्या घराकडे पाहिले आणि म्हणाला, “तुमचं घर तसंपण सेंटरला नाही.” परंतु विचार सोडला.

अडचण अशी होती की पाइपच्या बाहेरून ओतलेले सिमेंट थेट तळाला जाऊन गोडी भेगही बुजवणार. समुद्रात त्यावर एक उपकरण वापरतात. पाइपला अडकवलेली लोखंडी पाकळ्यांची टोपली. ती खाली गेल्यावर फुलासारखी उघडते आणि वरून येणारे सिमेंट झेलून धरते. अशी टोपली वसईच्या बाजारात मिळत नाही. बावतीस माझ्याकडे आला.

“मास्तर, छत्री द्या.”

“पाऊस कुठे आहे?”

“पावसाला नको. सिमेंटला पाहिजे.”

“परत केव्हा मिळेल?”

“नॉन-रिटर्न,” बावतीस म्हणाला.

अंतोन सांगतो की बावतीसने ती छत्री माझ्या ओट्यावरून चोरली. हा माझ्यावरही अन्याय आहे. ती मी दिली, विचारपूर्वक दिली. माझ्या निवृत्तीला विद्यार्थ्यांनी भेट दिलेली लाकडी मुठीची, लांब दांड्याची ती छत्री होती. बावतीसने तिच्या काड्या छाटल्या, कापडाला डांबर लावले, मधल्या भोकातून पाइप ओवला, ती उलटी करून दोरीने मिटली आणि खाली गेल्यावर दोरी ओढून उघडली. मूठ त्याने कागदात गुंडाळून मला परत आणून दिली. ती आजही माझ्या खुंटीवर आहे. उरलेली छत्री पापडीच्या पोटात आकाशाकडे तोंड करून उघडी आहे, आणि असे दुसऱ्या कोणत्याही मास्तराच्या छत्रीविषयी म्हणता येणार नाही.

या खटाटोपात उशीर झाला आणि सिमेंट ओतायला लग्नाच्या दोन दिवस आधीचा मुहूर्त लागला. त्यामुळे दुसऱ्या संध्याकाळी बायका घागरी घेऊन निघाल्या, बँड वाजू लागला, आणि विहिरीशी बावतीस हात पसरून उभा. पुढे जे घडले त्याला अंतोन ‘बापाने पोरीची वरात हाकलली’ असे म्हणतो. मी तिथे होतो. अंतोनही होता, पण तो बँडमध्ये कॉर्नेट वाजवीत होता आणि कॉर्नेट वाजवताना तो डोळे मिटतो.

सर्वांत पुढे इसाबेल मावशी होत्या. गाणी त्यांनाच पाठ, त्यामुळे अधिकारही त्यांचा.

“बाजूला हो, बावतीस. पोरगी खोळंबलीय.”

“डब्ल्यू.ओ.सी., मावशी.”

“तुझं डब्ल्यू घाल चुलीत! माझे गुडघे बघ आधी.”

“सिमेंट ओलं आहे. आता पंप लावला तर फुटेल. मग जन्मभर खारं.”

अंतोनने कॉर्नेट खाली घेतले. “टँकर बोलावू काय? माझ्या ओळखीचा आहे.”

“टँकरच्या पाण्यानं नवरी न्हायची?” मावशी कडाडल्या. “रिक्षा धुवायचीय काय रे तुला?”

बावतीसच्या हातात फिलूचा गुलाबाच्या नक्षीचा चहाचा कप होता. बोअरमध्ये ओतलेल्या सिमेंटचाच नमुना त्याने त्यात भरून ठेवला होता. “यात नख रुततंय तोपर्यंत खालीपण ओलं,” तो म्हणाला. मग प्रत्येक बाईने नख रोवून पाहिले. रुतत होते. मावशींनी तर दोनदा पाहिले, दुसऱ्यांदा रागाने.

तेवढ्यात घरातून सँड्रा आली. आता रडारड होणार असे सर्वांना वाटले. तिने कप पाहिला, नख रोवले आणि विहिरीच्या कठड्यावर बसली.

“माझ्या फर्स्ट कम्युनियनला तुम्ही सिमेंटवर थांबला होता ना, पप्पा?”

“हो.”

“दहावीच्या रिझल्टलापण?”

बावतीसने कपात नख रोवून पाहिले.

“मग आज दोघं थांबू,” ती म्हणाली. “मावशी, बसा. खुर्च्या आणायला सांगते.”

वरात हाकलली गेली नाही, वरात बसली. खुर्च्या आल्या, चहा आला, बावतीसने तोही निवू दिला. मावशींनी येत होती तेवढी गाणी म्हटली, मग येत नव्हती तीही म्हटली. बँडने लग्नाची गाणी संपवून नाताळची सुरू केली. बाप आणि मुलगी कठड्यावर शेजारी शेजारी बसून आळीपाळीने कपात नख रोवीत होते. अखेर सँड्रा म्हणाली, “नाही जात आता.” बावतीसने पाहिले. मावशींनी पाहिले आणि नख मोडल्याबद्दल बावतीसला शिवी दिली.

पंप सुरू झाला. आधी गढूळ, मग निवळ पाणी आले. पहिला तांब्या बावतीसने सँड्राला दिला. तो तिच्या तोंडाकडे असा बघत होता की बँडवालेही थांबले.

“गोड आहे, पप्पा,” सँड्रा म्हणाली.

मावशींनी तिच्या हातून तांब्या घेतला, घोट घेतला, सँड्राकडे एकवार पाहिले आणि जाहीर केले, “गोड! साखर!” कॉर्नेट वाजले, घागरी भरल्या, नवरी न्हाली. गर्दी पांगल्यावर मी नळाखाली ओंजळ धरली. ते पाणी खारट होते. विहिरीइतके नव्हे; परंतु खारट.

सँड्रा आता कॅनडाला असते. संध्याकाळी मी बावतीसच्या वाडीत जाऊन बसतो. माझी खुर्ची त्याने बोअरच्या बरोबर समोर, मध्य साधून मांडलेली असते. तो रोज एक पेला भरतो, घोट घेतो, “बसतंय, अजून बसतंय,” असे म्हणतो आणि पेला माझ्याकडे देतो. परवा पेला देता देता म्हणाला, “मास्तर, त्या दिवशी खारं होतं.”

मी पेला हातात घेतला.

“तिनं तांब्या तोंडाला लावला तेव्हाच कळलं मला. आईवर गेलीय. फिलूपण फोनवर असंच. घर गळत असेल, अंगात ताप असेल, विचारलं की म्हणायची, सगळं गोड आहे.” त्याने पाटीच्या दिशेने पाहिले. “आणि मी म्हणायचो, डब्ल्यू.ओ.सी.”

तेवढ्यात फोन वाजला. बावतीसने तो कठड्यावर उभा केला, सरकवून मधोमध आणला आणि समोर बसला. पडद्यावर सँड्रा; तिथे सकाळ होती.

“पप्पा, जेवता ना वेळेवर? पाणी कसं आहे?”

“गोड,” बावतीस म्हणाला. “एकदम गोड. मास्तर इथंच आहेत, त्यांना विचार.”

पेला माझ्या हातातच होता. मी घोट घेतला आणि सँड्राला सांगायचे ते सांगितले.

बेकरीसमोरच्या बाकड्यावर अंतोन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की बावतीसच्या बोअरिंगसारखे गोड पाणी सबंध पापडीत नाही. अंतोनच्या या एका विधानात मी आजवर दुरुस्ती केलेली नाही.