तोकुजींचे आठ ढोलवाले

गल्लीच्या सभेत कुणी विचारलंही नव्हतं, तरी तोकुजी बोलून बसले, "आठ पोरं आहेत ना? जत्रेपर्यंत तायको ढोल वाजवायला शिकवतो त्यांना."

देवळात ढोल एकच. एका ढोलाभोवती आठ पोरं म्हणजे ताल कमी आणि बोचकारे जास्त. त्यात गल्लीच्या पुढारीण ओगुराबाईंनी बजावलं, "जत्रेत पोरांचे हात एकदम पडले नाहीत, तर वर्ग बंद. वर्गाला दिलेलं सभागृह फुलं रचणाऱ्या बायकांना देणार." तोकुजींचं तोंड एवढंसं झालं. (बायकांपुढे गप्प बसायचा त्यांना चाळीस वर्षांचा सराव होता.)

मग त्यांना घराघरांच्या कठड्यांवर उन्हात टाकलेल्या गाद्या दिसल्या.

"पोरांनो, आजपासून गादी हाच ढोल. गुडघे वाकवा, काठ्या डोक्याच्या वर. डोन, डोन, डोको-डोन."

"जोरात मारायचं, आजोबा?" धाकट्या चियोने विचारलं.

"हळू मारलं तर ढोलाचा अपमान होतो."

पोरांनी अपमान काही होऊ दिला नाही. तिसऱ्याच दिवशी पाहुण्यांची गादी उसवली आणि कापूस शेजारणीच्या वाळत टाकलेल्या मुळ्यांवर जाऊन बसला.

"अहो, बर्फ लवकर पडलं का यंदा?" तोकुजींच्या बायको मात्सुएआजी खिडकीतून म्हणाल्या. "आणि एकाच बाजूला काय बडवताय? अर्ध्यावर उलटवा की."

रोज अर्ध्यावर गाद्या उलटू लागल्या.

जत्रेला शेजारच्या गावाने सात ढोल उसने दिले. पोरांनी सुरुवात केली आणि सोळा काठ्या ढोलांवर एकदम पडल्या. तोकुजींना भरून आलं. तेवढ्यात आठही पोरं थांबली, धूळ चुकवायला माना वळवल्या, आपापला ढोल धरून उलटा फिरवला आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा डोन, डोन, डोको-डोन.

तोकुजींनी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

पण लोक टाळ्या वाजवत उठले होते. "काय शिस्त," ओगुराबाई म्हणाल्या. "दोन्ही तोंडं वाजवणं कुणाला सुचलं नव्हतं. सभागृह तुमचंच."

दुसऱ्या दिवशी पोरांच्या आया दारात आल्या. हातात सुकवलेले मासे, गोड फळं, नवे तांदूळ. सगळ्या कमरेत वाकल्या. "गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडायचे?"

तोकुजीही वाकले, अगदी मनापासून. "अहो, आभार मीच मानायचे. ताल पोरांच्या अंगातच होता."

"तालातलं आम्हाला काय कळतंय," चियोची आई म्हणाली, "पण गाद्या कशा पिसासारख्या झाल्यात. आता गालिचे कधी शिकवायला घेताय?"

आतून मात्सुएआजींचा आवाज आला, "रविवारपासून म्हणावं. पहिला गालिचा आपला, आणि तो हे स्वतः वाजवून दाखवतील."