हिरवा ठिपका आणि कोरडं तळं

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. जंगलात तळं असतंच, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण या तळ्यात पाणी कॉम्प्युटर सोडायचा. हसू नका. हल्ली चांगल्या जंगलांत असंच असतं, असं सिंहाला कुणीतरी सांगितलं होतं.

कॉम्प्युटर गुहेत होता आणि त्याच्यावर लिनक्स होतं. लिनक्स फुकट मिळतं हे कळल्यावर सिंहाने बाकी काही विचारलंच नाही. त्यात पडद्याआड राबणाऱ्या सर्व्हिस होत्या. एक गुहेतले दिवे लावायची, एक महाराजांची डरकाळी वेळेवर वाजवायची आणि एक विहिरीवरचा पंप चालवून तळं भरायची. कोण कुठे अडलं, ते कॉम्प्युटर आपण होऊन लिहून ठेवायचा. त्याला लॉग म्हणतात. देखरेख कोल्ह्याची. मुख्य पासवर्ड त्याच्याकडे होता, म्हणून सगळे त्याला कोल्हेसाहेब म्हणत.

तळ्याच्या काठाशी शेवंताबाई बेडकीण राहायची. तिच्या पिल्लांना अजून शेपट्याच होत्या. पाय फुटेपर्यंत त्यांना पाण्याशिवाय जगता येणार नव्हतं.

एके दुपारी माकड गुहेत आलं. त्याला मोबाइल चार्ज करायचा होता. त्याने कॉम्प्युटरला जोडलेली पंपाची वायर उपटली, तिथे आपली लावली आणि पंपाची शेजारच्या भोकात खुपसून दिली. भोक म्हणजे भोक, असं त्याचं मत.

लिनक्स मात्र भारी शिस्तीचं. पहिल्या भोकात असताना त्याने पंपाला ‘पंप एक’ म्हटलं होतं. आता दुसऱ्या भोकात तोच झाला ‘पंप दोन’. पाण्याची सर्व्हिस बिचारी ‘पंप एक’लाच हाका मारत बसली. ओ कोण देणार? ती दमून पडली, उठली, पुन्हा हाका मारल्या, पुन्हा पडली. आणि दर वेळी लॉगमध्ये लाल ओळ उमटली: ‘पंप एक सापडत नाही. पंप दोन नावाचं यंत्र नव्याने जोडलेलं दिसतं.’

याहून स्पष्ट कसं सांगायचं, तुम्हीच सांगा! मला तर त्या कॉम्प्युटरची दयाच येते.

तळं आटू लागलं. शेवंताबाई उड्या मारत गुहेत आली.

“सायेब, पाणी येईना झालंय. लेकरांच्या पाठी उघड्या पडल्यात माझ्या.”

कोल्ह्याने स्क्रीनकडे पाहिलं. “लाल ओळी आहेत,” तो गंभीरपणे म्हणाला.

“काय लिवलंय त्यात?”

“लाल लिहिलंय.”

“आवं, पर म्हंजी काय?”

“बाई, तो लॉग आहे. तो असावा लागतो. वाचायचा नसतो.”

मग कोल्ह्याने नेहमीचा उपाय केला. कॉम्प्युटर बंद केला, नारळ फोडला, कॉम्प्युटर चालू केला. वायर होती तिथेच होती, त्यामुळे लाल ओळी पुन्हा आल्या.

तेवढ्यात सिंह आला. “हे लाल काय आहे? परवा शेजारच्या जंगलाचे महाराज भेटीला येताहेत. त्यांना हे दिसता कामा नये.”

“एवढंच ना, महाराज?” कोल्हा म्हणाला.

लिनक्समध्ये एक अथांग खड्डा असतो. त्यात टाकलेलं परत येत नाही. कोल्ह्याने सगळा लॉग त्या खड्ड्याकडे वळवला. मग पाण्याच्या सर्व्हिसला बजावलं, “पंपाचं नाव काढायचं नाही. नुसतं ‘मी चालू आहे’ म्हणायचं.” सर्व्हिस तसं म्हणाली. स्क्रीनवर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. सिंह खूश झाला.

शेवंताबाई परत आली. या वेळी ती रडत होती. “निस्ता चिखल राहिलाय, सायेब!”

“शक्यच नाही. हा बघा हिरवा ठिपका.”

“ठिपका पितील व्हय माझी लेकरं?”

“तुमची तक्रार लॉगमध्ये टाकतो,” कोल्हा म्हणाला. आणि त्याने ती खरोखरच टाकली.

शेवंताबाई मग थांबली नाही. तिने पळसाच्या पानाचा द्रोण केला, उरलंसुरलं पाणी आणि पिल्लं त्यात घेतली, आणि शेजारच्या जंगलाची वाट धरली. तिथे कॉम्प्युटर नव्हता, नुसता वाहता झरा होता. घाबरू नका, सगळी पिल्लं पोहोचली. मलाही हायसं वाटलं.

पुढे पाहुणे महाराज आले. “आमच्याकडे एकही तक्रार नाही,” सिंह म्हणाला, आणि ते खरंच होतं. पाहुण्यांना तहान लागली. सगळे तळ्यावर गेले. तळ्याला भेगा पडल्या होत्या.

सिंह संतापून कोल्ह्याकडे वळला. कोल्ह्याने अदबीने स्क्रीन पुढे केली. “महाराज, आपलं सगळं हिरवं आहे.”

सिंहाने ठिपका पाहिला आणि त्याचा राग निवळला. पाहुण्यांनीही ठिपका बराच वेळ निरखला. मग सिंहाला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, “आमच्याकडे हल्ली फार तक्रारी येतात हो. हा कोल्हा आम्हाला द्याल का?”

शेवंताबाईची पिल्लं झऱ्यात नुकती कुठे रुळली होती. एका सकाळी तिने पाहिलं, तर कोल्हेसाहेब कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन झऱ्याकडेच येत होते.

“चला रे पोरांनो,” ती म्हणाली, “निघायचं.”

तात्पर्य: मुलांनो, यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त करण्यात आयुष्य वाया घालवू नये. बिघाड सांगणाऱ्याचं तोंड बंद करावं. त्याने आपल्याला बढती मिळते, आणि तहानलेले काय, आपापली सोय बघतातच.