मध्यंतरानंतरचं भूत

सिनेमाच्या बाबतीत आमच्या ऑफिसात माझा शब्द अखेरचा! परवाच्या मारधाडीच्या सिनेमात नायकाने सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून चौदा गोळ्या झाडल्या, हे मोजणारा मीच. त्याआधीच्या रहस्यपटातला खुनी मी नुसत्या चष्म्यावरून ओळखला आणि आसपासच्या चार रांगांना लगेच सांगूनही टाकला. तेव्हापासून बायको माझ्याबरोबर सिनेमाला येत नाही. असतो एकेकाचा स्वभाव.

तर त्या रविवारी मी एकटाच नवा भुताचा सिनेमा बघायला गेलो. थिएटरला पडदे पाच, दारं सगळी एकसारखी. बंगल्यात नव्याने राहायला आलेल्या जोडप्याला एक भूत छळत होतं. मी जाम खूश होतो. मध्यंतरात मात्र पॉपकॉर्नच्या रांगेत अडकलो. अंधारात चाचपडत परत आलो, तर माझ्या खुर्चीत कोणी आजोबा! उगाच वाद नको म्हणून मागे जाऊन बसलो.

पुढचा सिनेमा बघून मी चक्रावलोच. बंगला गायब. बहुतेक विकला असावा. नायिकेचे केस कापलेले, नायकाला मिशा फुटलेल्या. म्हणजे मधे काही वर्षं गेली असणार. दोन भाऊ दुकानावरून भांडले, मग गळ्यात पडून रडले, मग धाकट्या बहिणीचं लग्न लागलं. मी भुताची शेवटपर्यंत वाट पाहिली, लग्नाच्या गर्दीतही शोधलं. घरी येताना डोक्यात प्रकाश पडला. भूत म्हणजे त्या भावांचा राग! राग गेला, भूत गेलं. दिग्दर्शकाला मी मनातल्या मनात सलाम ठोकला.

सोमवारी ऑफिसात मी तासभर त्याचंच गुणगान करत होतो. साहेबही ऐकत होते. माझ्या बदलीचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून होता. घरापासून दोनशे किलोमीटर! ती रद्द करणं त्यांच्या हातात. त्यांच्या लेकीचं लग्न ठरत आलं होतं आणि होणाऱ्या व्याह्यांना ते शनिवारी सिनेमाला नेणार होते. विहीणबाई भित्र्या आहेत, हा सिनेमा चालेल का, असं त्यांनी मला विचारलं.

"साहेब, मध्यंतरापर्यंत कळ काढा. पुढे भूत औषधालाही नाही. डोळे पुसत बाहेर याल."

साहेब खूश झाले. तुमच्या बदलीचं बघू, म्हणाले. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की सामान बांधू नकोस.

पुढच्या सोमवारी साहेबांनी आत बोलावलं. त्यांचा आवाज बसला होता. मध्यंतरानंतर भूत गेलं नव्हतंच, उलट त्याने मदतीला नायिकेच्या मेलेल्या सासूला बोलावलं होतं. साहेब बिचारे माझ्या भरवशावर विहीणबाईंना दर पाच मिनिटांनी धीर देत राहिले की एवढंच, आता लग्न लागेल. पडद्यावर ती सासू सुनेचा गळा आवळत होती तेव्हाही. होणाऱ्या सासूला टोमणा मारायला हा सिनेमा मुद्दाम निवडला, असा बाईंचा समज झाला. त्या तडक उठून गेल्या.

"आणि ते तुमचे दोन भाऊ कुठे होते?" साहेबांनी विचारलं.

माझाही पार गोंधळ उडाला होता. "दुकानात असतील, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्या बदलीचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी पेन उघडलं.

मुलगा-मुलगी ठाम राहिले म्हणून लग्न जमलं. बदली मात्र टळली नाही. सामान बांधताना बायकोला माझ्या खिशात तिकीट सापडलं. त्यावर पडदा क्रमांक तीन.

"मध्यंतरानंतर कुठल्या दारातून आत गेलात तुम्ही?"

"जे उघडं होतं त्यातून."

ती खोक्यावर बसली आणि कपाळाला हात लावला. मी दुसऱ्याच पडद्यासमोर जाऊन बसलो होतो, असं तिने समजावलं. मला वाईट वाटलं, पण फारसं पटलं नाही.

नव्या गावातल्या थिएटरला पडदा एकच आहे. तिथे तो भुताचा सिनेमा आला तेव्हा मध्यंतरात खुर्चीला चिकटून राहून मी तो पूर्ण पाहिला. माझं प्रामाणिक मत सांगू का? दुसरा भाग साफ फसलाय. त्या दोघा भावांना उगाच कापलं.